टू-स्ट्रोक स्नोमोबाइलचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह: साफसफाई, तपासणी आणि बदली

स्नोमोबाइलचा, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीचा, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खोलून साफ केला, तरी गाडी वरच्या वेगाला ओढत नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. अशा वेळी व्हॉल्व्ह पुन्हा उघडला, तर बहुधा एकच चित्र दिसते. पाते आरशासारखे घासलेले असते, पण त्या पात्याला हलवणारा दाब ज्या बारीक छिद्रांतून येतो ती काजळीने बुजलेली असतात, किंवा जोडताना रबरी बेलोज (दाबाने फुगणारी चुण्यांची नळी) पिळला गेलेला असतो. पाते हा व्हॉल्व्हचा केवळ डोळ्यांना दिसणारा भाग आहे. दाबाची वाट, बेलोज, स्प्रिंग, दांडी आणि पाते ही सगळी साखळी नीट असेल, तरच तो योग्य क्षणी उघडतो. म्हणून हे काम क्रमाने करावे आणि प्रत्येक टप्प्यावर तपासून मगच पुढे जावे.

## आपल्या इंजिनात कोणती रचना आहे, ते आधी ओळखावे

एक्झॉस्ट पोर्टची, म्हणजे सिलिंडरमधून जळलेला वायू बाहेर पडण्याच्या तोंडाची, वरची कड उंच असेल तर इंजिनाला वरच्या फेऱ्यांवर ताकद मिळते आणि ती खाली असेल तर खालच्या फेऱ्यांवर ओढ मिळते. व्हॉल्व्हचे पाते कमी वेगात खाली सरकून पोर्टची उंची कमी करते आणि वेग वाढला की वर सरकून पोर्ट पूर्ण मोकळे करते. पात्याचे काम सर्वत्र हेच असले, तरी ते हलवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि खोलण्याचा क्रम त्यांवरच ठरतो.

रोटॅक्सच्या जुन्या रेव्ह व्हॉल्व्हमध्ये आणि पोलारिसच्या व्हीईएस रचनेत एक्झॉस्टचाच दाब बारीक छिद्रांतून बेलोजखाली येतो व स्प्रिंगच्या विरोधात दांडी वर उचलतो. नंतरच्या अनेक इंजिनांत या दाबावर सोलेनॉइडचे (विजेने उघडझाप करणाऱ्या झडपेचे) नियंत्रण असते, म्हणजे दाब कधी पोहोचू द्यायचा हे इंजिनाचा संगणक ठरवतो. आर्क्टिक कॅटच्या एपीव्ही रचनेत सर्व्होमोटर केबलने व्हॉल्व्ह ओढते. रोटॅक्सच्या अलीकडच्या काही इंजिनांत तर दाबाचा संबंधच उरलेला नाही. तिथे व्हॉल्व्ह विजेवर चालतो. पुढचे विवेचन मुख्यतः बेलोजवाल्या व्हॉल्व्हचे आहे आणि केबलच्या रचनेत जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे.

## तयारी

आपल्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असल्याशिवाय काम सुरू करू नये. बोल्टचा टॉर्क (आवळण्याचा जोर), स्प्रिंगचा प्रकार आणि पात्याची दिशा या तीन गोष्टी एकाच कंपनीच्या दोन इंजिनांतही वेगळ्या असू शकतात.

नवीन गॅस्केट आणि ओ-रिंग आधीच मागवून ठेवाव्यात. बेलोजही प्रत्येक सिलिंडरमागे एक असा आणून ठेवावा, कारण जुना बेलोज फाटलेला आहे हे इंजिन उघडल्यावर कळते आणि मग तोच चिकटवून चालवण्याचा मोह होतो. रबर चिकटवून टिकत नाही.

अवजारांमध्ये सॉकेट पाने, टॉर्क पाना, एक्झॉस्टच्या स्प्रिंगा काढण्याचा आकडा, पितळी तारांचा मऊ ब्रश, प्लास्टिकची किंवा लाकडी खरवडणी, छिद्रांसाठी बारीक मऊ तार, टॉर्च, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा एवढे लागते. सुटे भाग ठेवण्यासाठी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र ताट घ्यावे आणि त्यावर क्लचची बाजू किंवा मॅग्नेटोची (इंजिनाची वीज तयार करणाऱ्या भागाची) बाजू असे लिहावे. ही चिठ्ठी अनावश्यक वाटते, पण पाते आणि ते सिलिंडरमध्ये ज्यात सरकते ती खाच वर्षानुवर्षे एकमेकांबरोबर झिजलेली असतात, म्हणून एका सिलिंडरचे पाते दुसऱ्यात घालू नये.

## टप्पा १: दोष व्हॉल्व्हचाच आहे याची खात्री करावी

खोलण्यापूर्वी एकदा गाडी नीट तापवून, कडक बर्फावर, मोकळ्या आणि सुरक्षित जागी पूर्ण थ्रॉटलवर इंजिन किती फेऱ्यांपर्यंत जाते ते टॅकोमीटरवर पाहून लिहून ठेवावे. बाजारातील अनेक ६०० ते ८५० सीसी इंजिनांची कमाल ताकद मिनिटाला ८,००० फेऱ्यांच्या आसपास मिळते. आपल्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला असेल, तर गाडी सुरुवातीला व्यवस्थित ओढते आणि मग वर जाताना जणू छताला डोके आपटल्यासारखी एका ठरावीक वेगावर अडते. उघड्या अवस्थेत अडकला असेल किंवा स्प्रिंग तुटली असेल, तर उलट होते: उभ्या जागेवरून निघताना इंजिन गुदमरते, पण एकदा वेग पकडला की ठीक चालते. दोन सिलिंडरांपैकी एकाचाच व्हॉल्व्ह उशिरा उघडत असेल, तर मधल्या वेगात एक स्पष्ट अडखळ जाणवते.

इथे एक सावधगिरी अगत्याची आहे. वरच्या फेऱ्या मिळत नाहीत म्हणून अनेक जण थेट क्लचची वजने बदलतात. वजने हलकी केली की आकडा पुन्हा वर जातो आणि दोष सुटला असे वाटते, पण ताकद परत आलेली नसते. पुढे कधीतरी व्हॉल्व्ह साफ झाला की तेच इंजिन मर्यादेबाहेर फिरू लागते. व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय क्लचला हात लावू नये.

तपासणी: सोलेनॉइड असलेल्या गाडीत व्हॉल्व्ह खोलण्याआधी त्याच्या नळ्या आणि प्लग पाहावेत. चिरलेली, दबलेली किंवा आत पाणी गोठलेली नळी असेल तर व्हॉल्व्ह निर्दोष असूनही उघडणार नाही.

## टप्पा २: वाट मोकळी करावी

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. चावी आणि टेदर कॉर्ड (चालकाच्या अंगाला बांधायची, सुटली की इंजिन बंद करणारी दोरी) काढून ठेवावी. खोलीत वारा खेळता असावा आणि जवळपास ठिणगी पडेल असे काहीही नसावे, कारण पुढे ज्वलनशील द्रावणाचे काम आहे.

एक्झॉस्टचा ट्यून्ड पाइप धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा आकड्याने एकेक काढाव्यात. पक्कड वापरली तर ती निसटून थेट तोंडाकडे येते. पाइपवर तापमानाचा सेन्सर असेल तर त्याची वायर आधी सोडवावी, नाहीतर पाइप उचलताना ती तुटते.

पाइप निघाल्यावर व्हॉल्व्हच्या घराभोवतीची, म्हणजे त्याच्या बाहेरच्या कवचाभोवतीची, घाण फडक्याने आणि ब्रशने स्वच्छ करावी. पाइप निघाल्यावर एक्झॉस्टचे तोंड उघडे पडते आणि बाहेरचा एक वाळूचा कणही आत गेलेला चालत नाही, म्हणून त्या तोंडात स्वच्छ फडके कोंबून ठेवावे.

## टप्पा ३: व्हॉल्व्ह उतरवावा

एका वेळी एकच व्हॉल्व्ह उतरवावा. जुन्या रेव्हमध्ये झाकण तारेच्या क्लिपने धरलेले असते, तर इतर ठिकाणी बोल्टने. दोन्ही प्रकारांत झाकणाखाली दाबलेली स्प्रिंग असते, म्हणून एका हाताने झाकण दाबून धरावे आणि बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे ढिले करावेत.

रेव्हच्या झाकणात लाल रंगाचा समायोजनाचा स्क्रू असेल, तर तो आता किती आत आहे ते मोजून लिहावे. तो आत फिरवला की स्प्रिंगचा ताण वाढतो आणि व्हॉल्व्ह उशिरा उघडतो; बाहेर फिरवला की लवकर उघडतो.

झाकण उघडताच आत पाहावे. बेलोजची वरची बाजू, म्हणजे स्प्रिंगची बाजू, कोरडी असायला हवी. तिथे काळे तेलकट किटण साचले असेल तर बेलोज फाटलेला आहे, असे जवळजवळ निश्चित समजावे, चीर डोळ्यांना दिसो वा न दिसो.

त्यानंतर घराचे बोल्ट काढून संपूर्ण व्हॉल्व्ह सरळ रेषेत ओढावा. काजळीमुळे तो अडला तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर पडलेला खड्डा पुढे गॅस्केटमधून गळतो. जोडाशी कार्बन विरघळवणारे द्रावण सोडून थोडा वेळ थांबावे, लाकडी दांड्याने घराला हलके टोले द्यावेत आणि पुन्हा ओढावे.

इशारा: पाते बाहेर येताच त्याची वरची बाजू कायमच्या मार्करने खुणावी. अनेक पात्यांचे टोक तिरके किंवा गोलाईत कापलेले असते आणि उलटे बसवलेले पाते पिस्टनला घासते. या एका चुकीने पिस्टन, रिंग आणि सिलिंडर तिन्ही जातात.

## टप्पा ४: सिलिंडरमधली खाच साफ करावी

बहुतेक लोक हा टप्पा गाळतात आणि मग साफ केलेले पाते काही तासांत पुन्हा अडकते.

आधी त्या सिलिंडरचा पिस्टन वर आणावा. स्पार्क प्लग काढून, इंजिन सुरू होण्याची कोणतीही शक्यता नाही याची खात्री करून, प्राथमिक क्लच हाताने हळूहळू फिरवावा. पिस्टन सर्वांत वर असताना त्याचा खालचा घेर एक्झॉस्ट पोर्ट झाकतो, त्यामुळे खरवडलेली काजळी क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या, क्रँक फिरतो त्या पोकळीत) पडत नाही. दोन सिलिंडरांच्या बहुतेक स्नोमोबाइल इंजिनांत क्रँकचे दोन भाग १८० अंशांवर असतात. याचा अर्थ असा, की एक पिस्टन वर असताना दुसरा अगदी खाली असतो आणि त्याचे पोर्ट सताड उघडे असते. दोन्ही खाचा एकाच बैठकीत खरवडणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. एक खाच संपवावी, ती पुसावी, मग क्रँक फिरवून दुसरी घ्यावी.

खाचेच्या दोन्ही कडा आणि तळ प्लास्टिकच्या किंवा लाकडी खरवडणीने मोकळे करावेत आणि सुटलेली काजळी व्हॅक्यूमने ओढून घ्यावी. हवेचा झोत मारू नये, कारण तो कण पिस्टन आणि भिंतीच्या फटीत ढकलतो. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर निकासिलसारखा कठीण पातळ थर असतो. पोर्टच्या काठाला पोलादी हत्यार लागले तर तिथून तो थर सोलायला लागू शकतो.

दाबाची छिद्रे शोधून त्यांत मऊ तार आरपार घालावी. काही इंजिनांत ती सिलिंडरमध्ये असतात, काहींत व्हॉल्व्हच्या घरात. छिद्र मोठे होईल असे ड्रिलचे पाते त्यात कधीही फिरवू नये. छिद्राचा आकार बदलला की व्हॉल्व्ह उघडण्याची वेळही बदलते.

तपासणी: खाच उघडी असतानाच, बोटे बाहेर ठेवून, क्रँक थोडा फिरवून टॉर्चच्या उजेडात पिस्टनची एक्झॉस्टकडची बाजू पाहावी. उभे खोल ओरखडे दिसले, तर प्रश्न व्हॉल्व्हपुरता उरलेला नाही आणि सिलिंडर उघडल्याशिवाय गाडी चालवू नये.

## टप्पा ५: सुटे भाग साफ करावेत

दांडीपासून बेलोज आणि वरचा पिस्टन वेगळा करावा. इथला पिस्टन म्हणजे बेलोजच्या डोक्यावरची प्लास्टिकची किंवा धातूची तबकडी. ती दांडीच्या आट्यांवर असेल तर एका हाताने पाते धरून दुसऱ्या हाताने तबकडी फिरवावी, म्हणजे मधला रबर पिळला जात नाही.

पाते, दांडी आणि घर कार्बन विरघळवणाऱ्या द्रावणात भिजत ठेवावे. घाई करू नये. चांगली भिजलेली काजळी पितळी ब्रशने सहज निघते, तर न भिजलेली काजळी काढण्याच्या नादात पात्याचा कंगोरा घासला जातो. तारेचे चाक किंवा वाळूचा मारा वापरू नये. ओव्हन साफ करण्याच्या कित्येक फवाऱ्यांत कॉस्टिक सोडा असतो. तो काजळी झटपट काढतो खरा, पण ॲल्युमिनियमही खातो.

बेलोज आणि ओ-रिंग या द्रावणापासून पूर्ण दूर ठेवाव्यात. त्यांना कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो. कार्ब्युरेटर क्लीनरने रबर आधी फुगते आणि नंतर कडक होते.

## टप्पा ६: काय ठेवायचे, काय बदलायचे

साफ झालेला प्रत्येक भाग उजेडात नेऊन पाहावा.

बेलोजच्या चुण्या बोटांनी हलक्या ताणून प्रत्येक चुणीच्या तळाशी पाहावे; पहिली चीर तिथेच पडते. चीर, कडकपणा किंवा फुगवटा यांपैकी काहीही आढळले तर बेलोज बदलावा. संशय असला तरी बदलावा, कारण तो या सगळ्या कामातील सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे.

पाते आणि दांडी यांचा जोड माझ्या मते सर्वांत गांभीर्याने पाहायला हवा. पाते दोन बोटांत धरून दांडी हलवावी. रचनेतच ठेवलेली मोकळीक किती, हे मॅन्युअलवरून किंवा नव्या भागाशी ताडून पाहता येते. त्याहून जास्त खडखड असेल, पिन झिजलेली असेल किंवा आटे गेलेले असतील तर तो भाग परत बसवू नये. सुटलेले पाते थेट पिस्टनवर जाते.

पात्याच्या टोकावर चकाकणारा घासल्याचा पट्टा दिसला, तर पाते पिस्टनला किंवा रिंगला लागत आहे. ते कानसून पुन्हा वापरण्यापूर्वी कारण शोधावे: चुकीचे पाते, उलटी जोडणी, जादा जाड किंवा पातळ गॅस्केट, किंवा सिलिंडरचे बदललेले माप.

स्प्रिंगची उंची दुसऱ्या सिलिंडरच्या स्प्रिंगशी ताडून पाहावी. बदलायची असेल तर दोन्ही एकत्र आणि त्याच क्रमांकाच्या बदलाव्यात. स्प्रिंगा रंगांनी ओळखल्या जात असतील तर तोच रंग घ्यावा.

केबलच्या रचनेत केबलचे सुटलेले धागे, पुलीतील झीज आणि दोन्ही केबलींचा समान ढिलेपणा पाहावा. केबल ताणली गेली की पाते पूर्ण उघडत नाही आणि पात्यावरची काजळी निर्दोष असूनही तिच्यावर दोष येतो.

## टप्पा ७: नवे पाते बसवण्यापूर्वी

नवे पाते जुन्याच्या शेजारी ठेवून लांबी, जाडी, टोकाचा कोन आणि दांडीचा जोड चार बाजूंनी जुळवून पाहावा. कारखान्यातून आलेल्या पात्याच्या कडेलाही कधी बारीक बोचरी कोर असते. ती अतिशय बारीक पॉलिश पेपरने मारावी, टोकाचा आकार मात्र बदलू नये. मग ते कोरडेच खाचेत सरकवावे. ते कुठेही न अडता, कोणताही जोर न लावता पूर्ण प्रवास करायला हवे.

सिलिंडर रीबोअर केलेला असेल किंवा त्यात नवी स्लीव्ह बसवली असेल, तर पाते आणि पिस्टन यांतील अंतर मॅन्युअलच्या मापाशी ताडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

## टप्पा ८: जोडणी

पात्याला ग्रीस लावू नये. एक्झॉस्टच्या उष्णतेत ते भाजून काजळीच होते. दांडीच्या सीलला आणि ओ-रिंगला टू-स्ट्रोक ऑइलचा पातळ हात पुरतो.

पाते आणि दांडी घरात बसवावी, पण घर अजून सिलिंडरवर चढवू नये. मग बेलोजची कड घराच्या खोबणीत सर्व बाजूंनी बसवावी. तिच्यावर गोल स्प्रिंग-कडी असेल तर ती एका जागीही खोबणीबाहेर राहता कामा नये. वरची तबकडी आवळताना बेलोजची चुणी फिरते आहे का, याकडे डोळा ठेवावा. आवळून झाल्यावर चुण्या एकसारख्या गोल दिसायला हव्यात. एका बाजूला सुरकुती तिरकी झाली असेल तर रबर पिळलेला आहे. सोडून पुन्हा बसवावे.

आता दाबाची परीक्षा घ्यावी. छिद्रे घरात असतील तर ती सोपी आहे, म्हणून घर सिलिंडरवर चढवण्यापूर्वी, स्प्रिंग व झाकण तात्पुरते लावून ती करावी. पाते पूर्ण उघड्या स्थितीत ढकलावे, दाबाची छिद्रे बोटांनी घट्ट बंद करावीत आणि पाते सोडावे. ते हळूहळू परत येत असेल तर ठीक, कारण दांडीच्या कडेने थोडी हवा निसटतेच. ते झटकन बंद झाले तर बेलोज किंवा त्याची कड गळते आहे.

यानंतर नव्या गॅस्केटसह घर सिलिंडरवर चढवावे आणि मार्करची खूण वर आहे हे पाहावे. बोल्ट आधी हाताने लावावेत आणि मग टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्याइतके आवळावेत. ६ मिलिमीटरच्या बोल्टला ॲल्युमिनियममध्ये साधारण १० न्यूटन-मीटर इतकाच टॉर्क लागतो. अंदाजाने ताकद लावली की सिलिंडरमधले आटे जातात. लाल स्क्रू पूर्वी जिथे होता तिथेच ठेवावा. आधीची नोंद नसेल तर झाकणाच्या कडेशी समपातळीत ठेवून सुरुवात करावी.

## टप्पा ९: हाताने फेरे

स्पार्क प्लग अजून बाहेरच असताना पाते पूर्ण खाली, म्हणजे बंद स्थितीत आहे याची खात्री करून क्रँक नेहमीच्या दिशेने हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवावा. टू-स्ट्रोकचे चक्र एका फेऱ्यात संपते, दुसरा फेरा खात्रीसाठी आहे. कुठेही टक्क असा आवाज, खरखर किंवा अडथळा जाणवला तर तिथेच थांबावे आणि व्हॉल्व्ह पुन्हा उतरवावा. जोर लावून पुढे फिरवू नये.

तपासणी: एक्झॉस्टच्या तोंडात कोंबलेले फडके काढले का? ताटात एखादा वॉशर उरला आहे का? दोन्हींची उत्तरे मिळाल्यावरच पाइप चढवावा.

## टप्पा १०: सुरू करून पाहणे

प्लग, पाइप, सेन्सरची वायर आणि क्लचचे संरक्षक कवच जागेवर बसवल्यानंतरच इंजिन सुरू करावे. पहिल्या काही मिनिटांत धूर जास्त दिसेल, कारण उरलेले द्रावण आणि तेल जळत असते. हे उघड्या हवेतच करावे. व्हॉल्व्हच्या घराभोवती फुसफुस आवाज किंवा काळा ओलावा दिसला तर गॅस्केट गळते आहे. ही गळती आजूबाजूच्या वायरी आणि प्लास्टिक वितळवते, म्हणून तशीच गाडी चालवू नये.

ट्रॅक हवेत धरून, हातात उचलून थ्रॉटल दाबण्याची सवय धोकादायक आहे. खात्री करायची तर पहिल्या टप्प्यात वापरलेल्याच जागी, शक्यतो तशाच बर्फावर आणि तापमानात गाडी नीट तापवून पुन्हा पूर्ण थ्रॉटल द्यावा आणि आकडा आधीच्या नोंदीशेजारी लिहावा. उंच प्रदेशात विरळ हवेमुळे ताकद कमीच असते, म्हणून दोन वेगळ्या उंचींवरचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. क्लचचे काही बदलले नसेल आणि फेऱ्या मॅन्युअलच्या कक्षेत आल्या असतील तर काम पूर्ण झाले. फेऱ्या अजून कमी असतील तर आता क्लच, बेल्ट आणि इंधनपुरवठा तपासण्याची वेळ आली आहे. लाल स्क्रूचे समायोजन अगदी शेवटी, एका वेळी थोडेसे आणि दोन्ही सिलिंडरांवर सारखेच करावे.

## पुढची वेळ कधी

मॅन्युअलमधील अंतर ही वरची मर्यादा समजावी. सतत मंद वेगात चालणारी, ओझे ओढणारी किंवा ऑइल पंप गरजेपेक्षा जास्त तेल देत असलेली गाडी लवकर काजळी धरते. उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाचे तेल वापरावे आणि पंपाची केबल खुणेशी जुळलेली आहे का तेही याच वेळी पाहावे. व्हॉल्व्ह दर हंगामाच्या शेवटी, साठवणुकीच्या आधी उघडणे सोयीचे जाते, कारण सुटे भाग मागवायला वेळ मिळतो. साठवणुकीचे संरक्षक तेल इंजिनात फवारले की त्याचा चिकट थर पात्यावरही बसतो. म्हणून अशी गाडी नव्या हंगामात प्रथम बाहेर काढताना व्हॉल्व्हचे झाकण उघडून तबकडी बोटाने दाबून आणि ओढून पाहावी. ती मोकळी हलत असेल तर झाकण लावावे, अडखळत असेल तर टप्पा ३ पासून काम सुरू करावे.